प्रतिपिंडांचा उतार आणि शरीराची स्मृती

पेडणे व डिचोली तालुक्यांतील साठी ओलांडलेल्या अनेकांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण अद्याप दिसतो. एकदा टोचले की जन्माची काळजी मिटली, ही समजूत त्या वणाबरोबरच आपल्या मनात रुजली. वास्तविक देवीची लसही काही वर्षांनी पुन्हा टोचावी लागे. कोविडच्या काळात या समजुतीला धक्का बसला. तपासणीच्या कागदावरील प्रतिपिंडांचा आकडा काही महिन्यांत घसरलेला पाहून ‘मग लस घेऊन मिळवले काय?’ असे अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास प्रारंभ झाला. आपल्याकडे बहुतेकांनी कोव्हिशील्ड घेतली. आखातात वा पोर्तुगालात असलेल्या आप्तांपैकी अनेकांनी फायझरची एमआरएनए लस घेतली. या दुसऱ्या प्रकाराचा अभ्यास विशेष बारकाईने झाला असल्याने तिचेच उदाहरण घेऊ. या लशीत विषाणू नसतो. त्याच्या पृष्ठभागावरील काट्यासारखे प्रथिन कसे घडवावे, एवढाच संदेश असतो. तो वाचून आपल्या पेशी ते प्रथिन बनवतात आणि संदेश लवकरच विरून जातो. या लशींचा पाया घालणाऱ्या कॅटालिन कारिको व ड्रू वाइसमन यांना २०२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पहिल्या मात्रेनंतर सुमारे दोन आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडे दिसू लागतात. तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा दिली की एक-दोन आठवड्यांतच त्यांची पातळी शिगेला पोहोचते. मग उतार लागतो, आणि सहा महिन्यांनी त्यांचा अल्पांशच उरतो. याचे कारण साधे आहे. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बहुसंख्य पेशी अल्पायुषी असतात, आणि रक्तातील प्रमुख प्रतिपिंडे दर तीन आठवड्यांनी सुमारे निम्मी होतात.

श्रावणात दुथडी वाहणारी वाळवंटी नदी पुढे ओसरते. पण जमिनीत मुरलेले पाणी विहिरींना पुरते. शरीरातही असेच घडते. काखेतील लसीका ग्रंथींत कित्येक आठवडे बी-पेशींची निवड चालू राहते. विषाणूला अधिक घट्ट पकडणाऱ्या पेशी टिकतात. त्यांतील काही अस्थिमज्जेत जाऊन दीर्घकाळ थोडी थोडी प्रतिपिंडे निर्माण करतात, तर काही स्मृतिपेशी बनतात. रक्तातील प्रतिपिंडे घटत असताना या स्मृतिपेशी सहा महिन्यांपर्यंत वाढत असल्याचे आढळले आहे.

मात्र स्मृतीलाही मर्यादा आहेत. तिला जागे होण्यास काही दिवस लागतात. तेवढ्यात नाकाघशात संसर्ग होऊ शकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओळख पटलेल्या ओमिक्रॉनने जुन्या प्रतिपिंडांना बऱ्याच अंशी चकवले. तरीही गंभीर आजारापासूनचे संरक्षण अधिक टिकले, कारण रोग बळावण्यापूर्वी स्मृतिपेशी व टी-पेशी कामास लागतात. वृद्धांत ही शक्ती मंदावते. म्हणूनच १० जानेवारी २०२२ पासून भारतात साठीपुढील व्याधिग्रस्तांना तिसरी मात्रा देणे सुरू झाले. पुढे पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या स्वदेशी एमआरएनए लशीलाही जून २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

म्हणून आकडा घसरला एवढ्यावरून लस वाया गेली असे मानू नये, आणि आकडा मोठा आहे म्हणून घरातील वडीलधाऱ्यांची पुढील मात्राही टाळू नये. तो निर्णय वय व प्रकृती पाहून वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावा.