प्रसाधने : खरे भय आणि खोटे भय

श्रोतेहो, बूढापारा हा रायपूर शहरातील एक जुना मोहल्ला. शेजारी बूढा तलावाचे विस्तीर्ण पाणी, आणि थोडे चालून गेले की सदर बाजारातील सराफांच्या पेढ्या. स्वामी विवेकानंद लहानपणी, नरेंद्रनाथ असताना, १८७७ पासून काही काळ याच मोहल्ल्यात राहिले होते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, आणि संक्रांतीचे हळदीकुंकू त्यांच्या घरी आजही होते. अशाच एका हळदीकुंकवात घडलेली गोष्ट सांगतो.

एका सूनबाईंनी मोबाइलवर आलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखविला. लिपस्टिकमध्ये शिसे असते. सोन्याची अंगठी तिच्यावर घासावी. रेघ काळी उमटली तर ती लिपस्टिक कर्करोग देणारी समजावी! लगेच एकीने अंगठी काढली, दुसरीने पर्समधून लिपस्टिक. रेघ काळपट उमटली आणि त्या संध्याकाळी तीन-चार चांगल्या लिपस्टिका केरात गेल्या. एक वयस्कर बाई समाधानाने म्हणाल्या, "आमचं बाई बरं! इकडच्या रीतीप्रमाणे भांगात चिमूटभर सिंदूर भरला की झालं. त्यात कसली आलीय भीती?"

केरात गेलेल्या वस्तूंपेक्षा त्या शेवटच्या वाक्याचीच मला अधिक काळजी वाटली. का, ते पाहू.

प्रथम अंगठीची परीक्षा. सोने मऊ असते. सराफ ते काळ्या कसोटीवर घासतो तेव्हा सोन्याचाच अंश दगडावर उतरतो. लिपस्टिकमध्ये रंगासाठी टायटॅनियम डायऑक्साइडसारखी कठीण पूड असते. तिच्यावर दागिना घासला की धातूचे अतिसूक्ष्म कण निघतात, आणि इतके बारीक कण डोळ्यांना काळे दिसतात. पावडर लावलेल्या मनगटावर बांगडीची काळी रेघ उठते, तीही याच कारणाने. अर्थात ती रेघ दागिन्याची असते. शिशाचा तिच्याशी संबंध नसतो.

मग लिपस्टिकमध्ये शिसे नसतेच काय? असते, पण किती, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली ४०० लिपस्टिकांची तपासणी केली. सरासरी प्रमाण दहा लाख भागांत १.११ भाग आणि सर्वांत अधिक ७.१९ भाग आढळले. रंगद्रव्ये खनिजांपासून बनतात, त्यांच्याबरोबर हा अंश येतो. आपल्या देशातील नियमांत प्रसाधनांच्या रंगातील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत २० भाग अशी आहे. चार ग्रॅमची अख्खी लिपस्टिक कुणी खाऊन टाकली, तरी या सरासरीने पोटात सुमारे साडेचार मायक्रोग्रॅम शिसे जाईल. आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. शिसे शरीराला कोणत्याही प्रमाणात हितकर नाही, हे खरेच. म्हणून ते जितके कमी तितके बरे. परंतु एवढ्यावरून कर्करोगाची हाकाटी करणे योग्य नव्हे.

आता त्या बाईंच्या सिंदुराकडे वळू. आपल्या भाषेत 'शेंदूर' म्हणजे मारुतीला चढवितात तो. तो मुळात शिशाचाच एक ऑक्साइड आहे. त्याच्या शंभर भागांत सुमारे नव्वद भाग शिसे असते. बाजारात मिळणाऱ्या काही सिंदुरांत हाच मिसळलेला आढळतो. अमेरिकेतील व भारतातील दुकानांतून घेतलेल्या ११८ नमुन्यांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी बहुसंख्य नमुन्यांत शिसे होते, आणि काहींत तर फार मोठ्या प्रमाणात. आईच्या भांगातील पूड बोटांना लागते, बोटे बाळाच्या तोंडात जातात, आणि वाढत्या मेंदूला शिशाइतका वैरी नाही. हळदीला चुना किंवा तत्सम क्षार लागला की ती लाल होते. असे हळदीपासून केलेले कुंकू निराळे. डोळ्यांत घालायच्या सुरम्याची गोष्टही सिंदुरासारखीच. दिव्याच्या काजळीचे काजळ वेगळे. पण सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजाची, गॅलेनाची, भुकटी असतो.

दुसरी अफवा घामाची. काखेत घाम रोखणारे प्रसाधन लावले की शरीरातील विष अडकते आणि स्तनाचा कर्करोग होतो, असे म्हणतात. वस्तुतः रक्तातील त्याज्य द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात; घामाचे मुख्य काम अंग थंड ठेवण्याचे. स्तनाच्या काखेकडील भागात गाठी अधिक आढळतात, कारण स्तनाची ऊतीच तेथे अधिक असते. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे ८१३ रुग्ण स्त्रियांची ७९३ निरोगी स्त्रियांशी तुलना करण्यात आली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असा काही संबंध दिसला नाही.

प्रत्येक भय खोटेच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. टाल्कम पावडरचा दगड खाणीत कधी अ‍ॅस्बेस्टॉसच्या शेजारी सापडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२४ साली टाल्क हे 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले. हा वर्ग पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचे माप सांगत नाही. तरीही तान्ह्या मुलांच्या तोंडाजवळ पावडर उधळू नये आणि गुह्यांगी ती लावू नये, एवढी सावधगिरी घेणे सोपे आहे.

आणि एक भय तर पुरते खरे आहे. २०२३ च्या आरंभी अकोल्याची वार्ता वृत्तपत्रांत आली. एकाच कुटुंबातील तिघी स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. त्या स्थानिक सौंदर्य-व्यावसायिकाकडून घेतलेले गोरेपणाचे क्रीम वापरीत होत्या, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्यात पारा निघाला. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून कांती उजळल्यासारखी वाटते. पण तोच त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीवर घाला घालतो. केरळातील वैद्यांनीही अशाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे.

श्रोतेहो, खोट्या भयाचे नुकसान येथे ध्यानी येते. अफवेने घाबरलेली स्त्री तपासणीच्या नियमाखालची वस्तू फेकून देते आणि 'घरगुती' किंवा 'जडीबुटीची' म्हणून नाव-गाव नसलेली डबी विश्वासाने घरी आणते. म्हणून डबी घेताना तिच्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची अंतिम मुदत आहे की नाही, एवढे पाहावे. आठ दिवसांत गोरे करण्याचे वचन देणारी डबी घेऊच नये. केसांचा कलप किंवा नवी टिकली लावून त्वचेला खाज सुटली, अथवा टिकलीच्या जागी पांढरा डाग दिसू लागला, तर ती तत्काळ सोडून वैद्याला दाखवावे. टिकलीच्या डिंकातील काही द्रव्यांनी असे डाग पडतात, ही वैद्यकातील नोंदलेली गोष्ट आहे.

हे सारे मी पुढे त्या बाईंना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे नातवाला कडेवर घेताना हात धुवायला हवेत." मग उठून त्यांनी सिंदुराची डबी आणली आणि चष्मा लावून तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचू लागल्या. डबीवर एका फुलाचे चित्र होते. उत्पादकाचे नाव कोठेच नव्हते.