घरच्या घरी पाठ रेकॉर्ड करायचाय? ऑडिओ इंटरफेस निवडताना एवढं बघा



आपल्या रहाटणी-काळेवाडी भागातल्या वर्गांत वेगवेगळ्या भाषांची मुलं एकत्र बसतात. कुणाच्या घरी हिंदी बोलतात, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी तेलुगू. अशा मुलाला घरी मराठी धडा वाचून दाखवणारं बहुतेक वेळा कुणी नसतं. आपण ग्रुपवर पाठवलेलं रेकॉर्डिंग हाच त्याच्या घरातला मराठी आवाज. त्यात ‘वेळ’ आणि ‘वेल’ सारखेच ऐकू आले, तर मूल वहीतही तसंच लिहिणार. म्हणून रेकॉर्डिंग स्पष्ट हवं.

नुसत्या आवाजावरही शिकवता येतं, हे आपण पाहिलंय. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम मुलांपर्यंत पोचत होता. आपल्याकडे आकाशवाणीसारखा स्टुडिओ नाही, पण एक खोली आणि थोडी नीट निवडलेली साधनं पुरतात.

इंटरफेस म्हणजे काय?

माइकमधून येणारा विद्युत संकेत अगदी क्षीण असतो. इंटरफेस ही छोटी डबी तो वाढवते, त्याचं आकड्यांत रूपांतर करते आणि यूएसबी केबलने लॅपटॉपला देते. मोबाइलमध्येही ही सोय असतेच. पण मोबाइल मुख्यतः बोलण्यासाठी बनवलेला असतो. गोंगाट कमी करायला तो आवाज आपोआप गाळतो. त्या गाळणीत कधीकधी ‘स’, ‘श’, ‘ह’ असे हलके आवाजही पुसट होतात. मोठ्या माणसाला संदर्भावरून शब्द कळतो, पण नव्याने भाषा शिकणाऱ्या मुलाकडे तो संदर्भच नसतो.

आधी ठरवा : बोलणारे किती?

निवडीचा खरा प्रश्न हाच आहे.

एकटेच वाचणार असाल आणि पुढे काही वाढवायचं नसेल, तर यूएसबी माइक घ्या. त्याच्या पोटातच इंटरफेस असतो, वेगळा घ्यायची गरज नाही.

पुढे माइक बदलायचा असेल, तर एका माइकचा इंटरफेस घ्या. फोकसराइट स्कार्लेट सोलो हे त्याचं उदाहरण.

संवादाचा पाठ, कवितेला पेटीची साथ किंवा शिक्षक आणि विद्यार्थी अशा प्रश्नोत्तरांसाठी दोन माइक लागतात. मग स्कार्लेट २आय२ सारखा दोन माइकचा इंटरफेस बघा. इतर कंपन्यांचेही असेच प्रकार मिळतात. चार-आठ माइकची सोय असलेल्या मोठ्या यंत्राचे पैसे मात्र भरू नका.

दुकानात काय तपासाल?

१. +४८ व्होल्टचं बटण. कंडेन्सर माइकला वीज लागते, ती इंटरफेस पुरवतो. सभेत हातात धरतात तसल्या डायनॅमिक माइकला ती लागत नाही.

२. शांततेत खरखर किती? माइक लावा, गेनचं बटण तुमच्या बोलण्याला पुरेल इतकं वाढवा आणि गप्प बसून हेडफोनमध्ये ऐका. डायनॅमिक माइकला गेन जास्त लागतो, म्हणून त्याच्यासोबत ही तपासणी कराच.

३. डायरेक्ट मॉनिटर. ही सोय असली की बोलताना स्वतःचा आवाज लगेच कानात येतो. लॅपटॉपमधून फिरून आला तर किंचित उशीर होतो आणि वाचताना अडखळायला होतं.

४. मोबाइलला चालतो का? घरी लॅपटॉप नसेल तर आपला फोन आणि जोडणीची केबल सोबत नेऊन तिथेच लावून बघा. काही इंटरफेस फोनच्या बॅटरीला पेलत नाहीत.

कशाला भुलू नका?

खोक्यावर १९२ किलोहर्ट्‌झ असं ठळक छापलेलं असतं. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतच ऐकू येतं, त्यामुळे सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्‌झ पुरेसं ठरलं. आपल्याला ४८ किलोहर्ट्‌झ भरपूर झालं. २४ बिट असेल तर मात्र उपयोग होतो, कारण आवाज थोडा कमी पातळीवर ठेवून रेकॉर्ड करता येतो आणि एकदम जोरात बोललात तरी फाटत नाही.

खोली आणि वेळ

कितीही महागडा इंटरफेस घेतला तरी तो खोलीतला घुमारा काढत नाही. उघड्या भिंती आणि फरशी असली की आवाज घुमतो. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, गादी, जाड पडदा यांच्यासमोर बसा. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा फटका बसणार नाही.

रेकॉर्डिंगमध्ये ‘हूं’ असा सलग आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, तिचीच ती गुणगुण असते. यूएसबीवर चालणारा इंटरफेस लॅपटॉपच्या बॅटरीवरही चालतो. आपल्या भागात देखभालीसाठी बऱ्याचदा गुरुवारी वीज बंद असते. तेव्हा पंखे, मोटर सगळं थांबलेलं असतं. रेकॉर्डिंगला याहून चांगला मुहूर्त नाही! गणपतीच्या आधी मात्र संध्याकाळ टाळा. ढोल-ताशा पथकांचा सराव कुठल्याच पडद्याने अडत नाही.

संपादनासाठी ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हॉइस मेसेज न करता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आवाज आणखी दाबला जाणार नाही.

विकत घेण्याआधी ही चाचणी करा

‘वेळ-वेल, काळ-काल, मन-मण, साल-शाल’ हे शब्द आधी मोबाइलवर आणि मग इंटरफेसवर रेकॉर्ड करा. दुसरीतल्या एखाद्या मुलाला दोन्ही ऐकवा आणि लिहायला सांगा. ज्याच्या घरी मराठी बोलत नाहीत असं मूल निवडा. दोन्ही वेळा वहीत सारखंच आलं तर पैसे वाचवा, मोबाइल पुरे आहे. फरक पडला तर खर्च सार्थकी लागला असं समजा. कोणता इंटरफेस चांगला, याचा निकाल त्या मुलाची वहीच देईल.