उंटांचा तांडा, बैलांचा तांडा



मागच्या महिन्यात इतिहासाच्या तासाला गुरुजी मंगोल लोकांची माहिती सांगत होते. सांगता सांगता ते म्हणाले, "त्या काळी चीनपासून युरोपपर्यंत व्यापाऱ्यांचे तांडे जात." तांडे हा शब्द ऐकला अन् मागच्या रांगेत खुसखुस झाली. कारण आम्ही चार-पाच मुलं तांड्यावरून शाळेत येतो. कोणीतरी हळूच म्हणालं, "ह्यांच्याच तांड्यातून गेले का मग?" गुरुजींनी ते ऐकलं. ते रागावले नाहीत. मला म्हणाले, "शब्द तुझ्या घरचा आहे. तूच शोधून काढ आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रथम मंगोल लोकांची गोष्ट पाहू. मंगोल हे चीनच्या उत्तरेला गवताळ प्रदेशात राहणारे लोक. घोडे, मेंढ्या आणि उंट हेच त्यांचे धन. इ. स. १२०६ मध्ये सगळ्या टोळ्यांनी एकत्र येऊन तेमुजीन नावाच्या सरदाराला आपला प्रमुख केले. तोच चंगीझखान. त्याने व त्याच्या मुला-नातवांनी चीनपासून इराण व रशियापर्यंत राज्य पसरविले. हे राज्य दयेने वाढले नाही. मंगोलांनी मोठमोठी शहरे जाळली, हजारो माणसे मारली. १२५८ साली बगदाद शहर त्यांनी उद्ध्वस्त केले.

मग व्यापार कसा वाढला? हाच प्रश्न मी गुरुजींना विचारला होता. त्याचे उत्तर असे की, राज्य मिळाल्यावर मंगोलांना जकात पाहिजे होती. वाट सुरक्षित असेल तरच व्यापारी येतो, आणि व्यापारी आला तरच जकात मिळते. म्हणून त्यांनी वाटा सांभाळल्या. चंगीझखानाचा मुलगा ओगताई याने वाटेवर टप्प्याटप्प्याने ठाणी बांधली. तिथे ताजे घोडे, दाणापाणी आणि मुक्कामाची सोय असे. अशी ठाणी २५-३० मैलांवर होती, असे मार्को पोलो या प्रवाशाने सांगितले आहे. राज्याच्या कामाने जाणाऱ्या माणसाला धातूची किंवा लाकडाची एक पाटी मिळे. ती पाटी दाखवली की ठाण्यावर घोडा मिळे आणि कोणी अडवत नसे.

मार्को पोलो हा इटलीतल्या व्हेनिस शहरचा. तो १२७१ साली बाप आणि काकाबरोबर निघाला, आणि १२९५ साली घरी परत आला. म्हणजे चोवीस वर्षे झाली! त्यातली बरीचशी वर्षे तो चंगीझखानाचा नातू कुब्लाईखान याच्याकडे नोकरीस होता. आपल्याकडे १२९० साली ज्ञानेश्वरी लिहिली गेली, तेव्हा चीनमध्ये याच कुब्लाईखानाचे राज्य होते. मार्को पोलोच्या पुस्तकात आपल्या ठाण्याचेही वर्णन आहे. तिथे चामडे आणि सुती कापड होते व बाहेरून घोडे येतात, असे त्याने सांगितले आहे.

चीनचे रेशीम उंटांच्या पाठीवरून पश्चिमेला जाई. वाळवंटातून दोन मदारींचे उंट एकामागे एक बांधून चालवत. हाच उंटांचा तांडा. पण पुढे मंगोल राज्याचे तुकडे झाले. भाऊबंद आपसांत लढू लागले. १३६८ साली चीनमधली त्यांची सत्ता गेली. त्याआधीच प्लेगची साथ व्यापाराच्या वाटांनी सरकत १३४७ मध्ये युरोपात पोचली होती. वाटा धोक्याच्या झाल्या. पुढे १४९८ साली वास्को द गामा समुद्रमार्गे कालिकतला आला, आणि युरोपचा माल जास्त करून जहाजांनी जाऊ लागला.

आता आपल्या इकडे येऊ. मंगोलांचे राज्य वऱ्हाडात कधी नव्हते, आणि आमचे बंजारा लोक मंगोलही नव्हेत. पण काम तेच होते. फक्त उंटाऐवजी बैल होता.

माझ्या आजोबांनी मला आमच्या गोरमाटी बोलीत जे सांगितलं, ते मी मराठीत लिहितो. ते म्हणाले, "पोरा, तांडा म्हणजे आधी घरं नव्हती. तांडा म्हणजे चालणं होतं." बैलांच्या पाठीवर गोण्या लादून माल नेणे याला आमच्यात लदेणी म्हणतात. किनाऱ्यावरून मीठ आणायचे, इकडचे धान्य आणि कापूस न्यायचा. मीठ म्हणजे लवण, त्यावरून लमाण हे नाव पडले असे सांगतात. तांड्याचा एक नायक असे. कुठे मुक्काम करायचा, कुठे पाणी आहे, कोणत्या वाटेने जायचे, हे तो ठरवी. बायका-पोरे, कुत्री, भांडीकुंडी सगळे बरोबर चाले.

पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली हिंदुस्थानात असा एक तांडा पाहिला. त्यात १४,००० बैल होते! गुरुजींनी यावर आम्हाला गणित घातले. एका बैलावर एक क्विंटल माल धरला, तर १४,००० क्विंटल होतात. आजच्या दहा टनी ट्रकमध्ये १०० क्विंटल बसतात. म्हणजे १४० ट्रकांचा माल एका तांड्याने नेला. तांडा दिवसाला सहा-सात मैल चाले, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. या चालीने वाशिमहून मुंबईला जायचे तर पन्नास दिवस लागतील. वऱ्हाडचा कापूस तर बैलांवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे.

लढाईच्या काळात सैन्याला धान्य पुरवायचे कामही तांडेच करीत. मोगल, मराठे, निजाम, इंग्रज सगळ्यांनाच त्यांची गरज पडे. म्हणून सहसा कोणीही सैन्य तांड्याला लुटत नसे. तांडा लुटला तर उद्या आपल्यालाच दाणा कोण आणील? शहाजहान बादशहाच्या काळात दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या असफखान वजिराने भंगी व जंगी या दोन नायकांना ताम्रपट दिला होता, असे आमच्यात परंपरेने सांगतात. त्यात त्यांना वाटेत चारा-पाणी घ्यायची मोकळीक होती. मंगोलांची पाटी आणि हा ताम्रपट, दोन्हीचे काम एकच होते. वाट मोकळी करून देणे.

मग आमच्या तांड्यांचे चालणे का थांबले? १८५३ साली मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली. १८६७ साली रूळ वऱ्हाडातून नागपूरला पोचले. बैल पन्नास दिवसांत नेई तो माल गाडी दोन-तीन दिवसांत नेऊ लागली. धंदा बसला. त्यातच १८७१ साली इंग्रजांनी एक कायदा केला. त्याने फिरत्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. काही प्रांतांत बंजारा लोकांनाही तो लावला. ज्यांनी सगळ्या मुलखाला मीठ पुरवले, त्यांनी पोलिसांत हजेरी द्यायची! स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. तेव्हापासून अशा जमातींना विमुक्त म्हणतात.

बैल विकले गेले, पाय थांबले, अन् जिथे थांबले तिथे झोपड्या पडल्या. त्या वस्तीलाच तांडा हे नाव राहिले. अशाच एका तांड्यावर, पुसदजवळ गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

पालकहो, आपल्या वाशिम जिल्ह्यातच मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. तिथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला यात्रा भरते. २०२४ साली तिथे नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा संग्रहालयही सुरू झाले. यात्रेला गेलात तर मुलांना ते जरूर दाखवा.

हा लेख लिहून झाल्यावर मी आजोबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उंटवाले पण आपल्यासारखेच वाटेवर जेवत असतील."

मित्रांनो, व्यापार नुसत्या मालाने होत नाही. कोणीतरी तो पाठीवर घेऊन चालावा लागतो, आणि वाटेवरच्या लोकांनी त्याला जाऊ द्यावे लागते. आता इतिहासाच्या तासाला तांडा शब्द आला तर हसू नका. माझ्याकडे बघितलं तरी चालेल.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी