हास्यरेषा : वलीचिकित्सेपूर्वी मुखपरीक्षण

नाकपुडीच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या रेषेला आजकाल हास्यरेषा म्हणतात. पन्नाशीच्या सुमारास ती खोल होऊ लागते आणि ‘डॉक्टर, हिच्यावर काही उपाय आहे का?’ हा प्रश्न आता आपल्या सर्वांच्याच चिकित्सालयांत नित्याचा झाला आहे. अशा वेळी कुंकुमादि तैलाची बाटली पुढे करणे फार सोपे असते. प्रस्तुत लेखकाने एकदा तेच केले. त्या चुकीतून जे शिकावयास मिळाले, ते व्यवसायबंधूंपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न.

एक रुग्णा

भायखळ्याच्या मंडईत भाजी विकणारी ही रुग्णा, वय वर्षे ५२. मुलीचे लग्न चार महिन्यांवर आलेले. ‘फोटोत मी मुलीची आजी दिसेन’ ही तिची तक्रार. वली पाहिली, वातप्रकृती नोंदविली, बाह्य प्रयोगास तैल दिले. दोन महिने तिने ते निष्ठेने लावले. भाजीच्या टोपलीवर संसार चालविणाऱ्या बाईने त्यासाठी बरेच पैसे मोजले होते. गुण शून्य.

तिसऱ्या भेटीत मी म्हणालो, “मावशी, जरा तोंड उघडा पाहू.” वरच्या दाढांपैकी एकच शिल्लक होती, पुढचे दोन दातही पडलेले. उरलेल्या दातांवर मशेरीचा काळा थर. आणि डाव्या गालाच्या आतल्या बाजूस, ती मशेरी जिथे दाबून धरीत असे तिथे, पुसून न निघणारा पांढरा चट्टा. जे पहिल्याच दिवशी पाहावयास हवे होते, ते मी दोन महिने उशिरा पाहिले. चेहऱ्यावरच्या रेषेचे कारण चेहऱ्याच्या आत होते.

शास्त्रविचार

सुश्रुताचार्यांनी जरेची गणना स्वभावबलप्रवृत्त व्याधींत केली असून तिचे दोन भेद सांगितले आहेत : योग्य रक्षण करूनही वेळेवर येणारी ती कालकृत, आणि रक्षण न केल्याने अकाली येणारी ती अकालकृत. शार्ङ्गधरांनी तर दर दशकात शरीरातील एकेका भावाचा ऱ्हास सांगताना पाचवे दशक त्वचेस दिले आहे. तेव्हा पन्नाशीची वली हा रोग नव्हे. वैद्याने पाहावयाचे ते इतकेच की, तिच्यातील काळाचा वाटा किती आणि अपचाराचा किती.

मांसक्षयाच्या लक्षणांत सुश्रुताने गंड आणि ओष्ठ यांची शुष्कता सांगितली आहे. अस्थिक्षयात दंतभंग व रौक्ष्य येते. दंत हे रुचकास्थीच होत. आधुनिक शारीरही याच दिशेने बोट दाखविते : वयानुसार गालातील मेद खाली सरकतो, वरच्या जबड्याचे हाड झिजते, आणि दात गेले की हिरडीखालील हाड अधिकच वेगाने खचते. वरच्या ओठाचा व गालाचा आधार गेल्यावर त्वचा दुमडणारच. तंबाखू आणि ऊन त्या त्वचेचा स्थितिस्थापकपणा हिरावून घेतात. आमच्या रुग्णेच्या बाबतीत ही सर्व कारणे एकवटली होती.

निदान : तीन गोष्टी

पहिली, मुखपरीक्षण. दात, हिरड्या, कवळी बसते की नाही, आणि मशेरी, तंबाखू, सुपारी यांचा इतिहास. पांढरा वा लाल चट्टा, न भरणारा व्रण दिसल्यास तेथे कोणताही गंडूष सुरू न करता दंतवैद्यकाकडे पाठवावे.

दुसरी, सममिती. दोन्ही बाजूंच्या रेषा ताडून पाहाव्यात. एका बाजूची रेषा एकाएकी सपाट झाली असेल तर तो अर्दिताचा संकेत असू शकतो. रुग्णास कपाळ आक्रसावयास सांगावे. कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडत असून केवळ तोंड वाकडे होत असेल, तर पक्षाघाताची शंका घेऊन त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात रवानगी करावी. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ही वेळ नस्यकर्माची नव्हे.

तिसरी, काळ. वजन झपाट्याने उतरल्यामुळे गाल बसले असतील तर मधुमेह, क्षय इत्यादींचा शोध आधी घ्यावा.

चिकित्सा

निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा. मशेरी सुटल्याखेरीज रसायनाचा खर्च व्यर्थ.

चरकसंहितेच्या मात्राशितीय अध्यायात स्नेहगंडूषाचे फल म्हणून हनुबल आणि वदनोपचय, म्हणजे मुखाचा भरलेपणा, सांगितला आहे. मुख निर्दोष असल्याची खात्री झाल्यावर रोज सकाळी तिळतैलाचा गंडूष द्यावा. त्याच अध्यायात अणुतैल नस्याने मुख प्रसन्न व उपचित होते आणि उत्तमांगात जरेस बळ मिळत नाही असे म्हटले आहे. आचार्यांचा शब्द लक्षात घ्यावा : जरेस बळ मिळत नाही, असे ते म्हणतात, जरा नाहीशी होते असे म्हणत नाहीत. व्यवहारात दोन-दोन थेंब प्रतिमर्श नस्य सुकर पडते.

मुखलेपाचा विधी अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. ग्रीष्मात कुमुद, दूर्वा, यष्टिमधु, चंदन; वर्षा ऋतूत तीळ, उशीर, जटामांसी, तगर. लेप पूर्ण वाळू देऊ नये, ओलावून काढावा. वाळलेला लेप कांती बिघडवितो. पीनस, अजीर्ण व जागरण असता लेप वर्ज्य. कुंकुमादि तैलाचा अधिकार मुख्यत्वे वर्ण्य व व्यंगहर आहे. खचलेला आधार ते उभा करू शकत नाही.

त्वचेखाली द्रव्य भरून घेण्याची इच्छा असणाऱ्यांना त्यातील धोक्यांची कल्पना द्यावी. रक्तवाहिनीत गेलेले द्रव्य क्वचित दृष्टीही घालवू शकते. हे कर्म प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञाचे वा शल्यविशारदाचे, आपले नव्हे.

उपसंहार

हा विषय नटण्यामुरडण्याचा म्हणून हसण्यावारी नेणेही योग्य नव्हे. आमच्याच भायखळ्यातील जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया (१९२२–२००७) यांनी प्लास्टिक सर्जरीची परंपरा उभी केली. सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेल्या या शल्यविशारदाने कुष्ठरुग्णांच्या विद्रूपतेवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठाच्या एका प्रकारात जाड झालेली त्वचा रोग ओसरल्यावर सैल पडते आणि ऐन तारुण्यात वृद्धाच्या घड्या दिसू लागतात. रोग बरा झाला तरी चेहरा त्याची साक्ष देत राहतो. चेहऱ्यावरची घडी माणसाला समाजातून उठवू शकते, हे ज्यांनी पाहिले त्यांना रुग्णाचा हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाही.

आमच्या रुग्णेस नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात पाठविले. चट्ट्याचा तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, पण त्याकडे नेणारी वाट होती. मशेरी सुटली, नियमित तपासणी सुरू झाली, लग्नाआधी कवळी बसली. रेषा पूर्ण गेली नाही. थोडी उथळ झाली. लग्नाचे फोटो दाखवावयास आली तेव्हा ती मोकळेपणाने हसत होती, आणि हसताना ती रेषा चांगलीच खोल दिसत होती. तिने त्याविषयी काही विचारले नाही.