काच काही वर येईना!

मंडळी, गोष्ट जानेवारीतली आहे. डेट्रॉइटजवळच्या आमच्या गावात रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग आणि बोचरा वारा. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला तिळगुळाचे डबे घेऊन निघालो होतो. वाटेत बँकेच्या ड्राइव्ह-थ्रूला थांबलो, काच खाली केली, पैसे घेतले, बटण ओढले आणि काच ढिम्म! पुढची बारा मैलं उघड्या खिडकीने कापली. हॉलवर पोचलो तेव्हा कान आहेत की गळून पडले, हे चाचपून पाहावं लागलं.

पार्किंगमध्ये मित्रमंडळी जमली. सगळेच इंजिनिअर, त्यामुळे निदानांना तोटा नव्हता. एक म्हणाला फ्यूज, दुसरा म्हणाला मोटर, तिसरा म्हणाला, "विकून टाक रे ती गाडी!" खिडकीला कचऱ्याची काळी पिशवी चिकटवून घरी परतलो.

गाडी २००५ सालची. नुकतंच लायसन्स मिळालेल्या आमच्या कन्येला ती द्यायची असं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये दाखवली. "मोटर आणि रेग्युलेटर, दोन्ही बदलावे लागतील. साडेपाचशे डॉलर." रेग्युलेटर म्हणजे काचेला वर-खाली करणारी दारातली यंत्रणा. दार न उघडताच दिलेला हा हिशेब काही पटेना. घरी आल्यावर सौ.ने शांतपणे विचारलं, "तुम्ही एम.एस. नक्की कशात केलंत?"

वर्मी लागलं! डी.सी. मोटरची समीकरणं मला आजही पाठ आहेत. पण गाडीचं दार कधी उघडून पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडे पाना-पक्कड मिस्त्रीच्या हातात आणि इंजिनिअरच्या हातात पेन! मग ठरवलं, येत्या शनिवारी बाप-लेकीने मिळून दार उघडायचं.

खरं तर यात गूढ काही नाही. विजेवर चालणाऱ्या खिडक्या डेट्रॉइटच्याच पॅकार्ड कंपनीने १९४०च्या सुमारास आणल्या. हल्ली दारात बारा व्होल्टची छोटी मोटर असते. बटण एका बाजूला दाबलं की करंट एका दिशेने वाहतो, दुसऱ्या बाजूला दाबलं की उलट. म्हणून तीच मोटर काच चढवते आणि उतरवते.

तेव्हा आधी कान लावायचा. कन्येने बटण ओढलं, मी दाराला कान लावला. मोटरची घरघर ऐकू येते पण काच हलत नाही, तर दोष बहुधा रेग्युलेटरचा. केबल किंवा प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असते. आवाजच नाही, तर आतला दिवा पाहा. बटण दाबताच तो किंचित मंद झाला, तर मोटरला वीज मिळते आहे पण ती अडकली आहे. आमच्याकडे आवाज नाही, दिवाही मंद होत नाही. फ्यूज पाहिला, ठीक होता.

मग पट्ट्या-क्लिपा सांभाळत दाराचं आतलं पॅनेल काढलं आणि मोटरच्या प्लगमध्ये टेस्ट लॅम्प लावला. बटण दोन्ही दिशांना दाबल्यावर दिवा लागला. म्हणजे फ्यूज, बटण आणि दाराच्या बिजागरीपाशी वाकून वाकून तुटणाऱ्या वायरी, सगळे निर्दोष. प्लग परत लावला, कन्येने बटण ओढून धरलं आणि मी मोटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोन टिचक्या मारल्या. काच कुरकुरत वर आली! मोटरमधले कार्बनचे ब्रश झिजले होते. रेग्युलेटर ठणठणीत होता.

जंकयार्डमधून पंचवीस डॉलरला तशीच मोटर आणली. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, काच टेपने वरच्या चौकटीला घट्ट बांधली, ती रेग्युलेटरपासून सोडवली आणि मोटरसकट रेग्युलेटर बाहेर काढून टेबलावर ठेवला. कन्येने तो दोन्ही हातांनी धरला होता. मोटरचा शेवटचा स्क्रू फिरवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, ही गोल स्प्रिंग कसली?"

माझा हात तिथेच थांबला. कात्रीसारख्या हातांच्या रेग्युलेटरमध्ये काचेचा भार पेलायला अशी जाड, ताणलेली स्प्रिंग असते. मोटर काढली की तिला अडवायला काही उरत नाही. ते लोखंडी हात क्षणात झटका मारतात, आणि त्यांच्या मधोमध माझ्या मुलीची बोटं होती. घाम फुटला! तिला हात काढायला सांगितलं, रेग्युलेटरचे दात आणि पत्रा क्लॅम्पने एकत्र आवळले, मगच स्क्रू काढला. मोटर बदलायला पुढे दहा मिनिटं लागली, पण माझी छाती बराच वेळ धडधडत होती.

तेव्हा तुम्ही हे काम करणार असाल, तर ती स्प्रिंग आधी शोधा. क्लॅम्प नसेल, तर काम थांबवा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला. पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा पडदा नीट चिकटवा, नाहीतर पावसाचं पाणी गाडीत येईल. काचेच्या रबरी खाचेत तेल नको, सिलिकॉनचा फवारा मारा. आणि लहान मुलं मागे असतील तर खिडक्यांचं लॉक लावून ठेवा. जुन्या गाड्यांत बोट अडकल्यावर काच आपोआप मागे फिरेलच असं नाही.

आता कन्या कॉलेजात, ती गाडीही तिच्याकडेच. परवा रात्री फोन आला, "बाबा, मैत्रिणीच्या गाडीची काच अडकलीय. मोटरचा आवाज येतोय, पण काच हलत नाही. केबल तुटली असणार, हो ना?"

"असेल. पण आधी..."

"काच टेपने बांधलीय. आणि स्प्रिंग आहे का तेही बघणार आहे."

मी फोन ठेवला. सौ.ने विचारलं, "काय म्हणत होती?" म्हटलं, "काही नाही, तिची पहिली प्रॅक्टिकल चालू आहे."