टिकवायचं काय आणि संपवायचं काय?

परवाचीच गोष्ट. आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "बाई, टिकवणे याला इंग्रजीत काय म्हणायचं?" मी इथे खापरखेड्यात अर्धवेळ इंग्रजी शिकवते. बी. ए. झाल्याचा थोडा तोरा असतोच! फळ्यावर झटकन ‘प्रिझर्व्ह’ लिहिले आणि पुढच्या शब्दाकडे वळले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मग बाई, चप्पल टिकवायची तर प्रिझर्व्ह करायची का?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना.

मैत्रिणींनो, आपला निम्मा जन्म वस्तू टिकवण्यातच जातो की नाही? मग त्याचे हे इंग्रजी शब्द एकदा नीट पारखून घेतलेले काय वाईट?

‘प्रिझर्व्ह’ म्हणजे नासू न देणे. हा शब्द आपल्या बरणीचा. लोणच्यातले मीठ फोडींमधले पाणी ओढून घेते, त्यामुळे जंतूंना वाढायला हवे तेवढे पाणी उरत नाही. वरचा तेलाचा थर हवा अडवतो, म्हणून बुरशी धरत नाही. मुरंब्यात हेच काम साखर करते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात कुरडया आणि सांडगे कडकडीत वाळवतो तेही पाणी घालवण्यासाठीच. ओला चमचा बरणीत गेला की ही सगळी मेहनत पाण्यात जाते, ती अशी!

चपलेला मात्र ‘मेक इट लास्ट’ हे साधे शब्द बरे. मिक्सर, शिलाई मशीन यांची वेळच्या वेळी निगा राखायची, त्याला ‘मेंटेन’. महिनाअखेरीस तेलाचा डबा तिरपा करून करून पुरवतो ना आपण, त्याला ‘स्ट्रेच’ किंवा ‘ईक आउट’. ‘प्रोलाँग’ म्हणजे लांबवणे. ते दुखणेही असू शकते आणि पाहुण्यांचा मुक्कामही!

राहिला ‘एक्स्टेंड’, म्हणजे मुदत वाढवणे. आमच्या गावाला हा शब्द परका नाही. इथल्या औष्णिक वीज केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला, ५०० मेगावॅटचा पाचवा संच २०११ मध्ये आला. अशा संचाचे आयुष्य साधारण २५ वर्षे धरतात. त्यापुढे चालवायचा तर जुने भाग बदलून, दुरुस्त्या करून घ्याव्या लागतात. वीज खात्याच्या भाषेत त्याला ‘लाइफ एक्स्टेन्शन’ म्हणतात. म्हणजे मुदत फुकट वाढत नाही, तिच्यासाठी पैसे मोजावे लागतात. हे गावात राहून रोज ऐकत होते, पण स्वतःच्या घरात मात्र विसरले.

झाले असे, की मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली. ४ टक्क्यांचा दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. आमच्या घराचे कर्ज बदलत्या व्याजाचे. त्या काळात एक इंग्रजी पत्र आले. घरातली इंग्रजी पत्रे वाचायची ती मी! ‘टेनर एक्स्टेंडेड’ एवढे शब्द पाहिले आणि यांना म्हटलं, "बरं झालं हो, हप्ता तेवढाच ठेवलाय, नुसती मुदत वाढवून दिली." हेही खूश, मीही खूश. पत्र फायलीत गेले.

सासूबाई निवडत असलेल्या मेथीवरून मान वर करून म्हणाल्या, "म्हणजे आपण जास्त दिवस पैसे भरायचे काय?"

"हो आई, पण हप्ता वाढत नाही ना."

"अवं, लोणचं टिकवावं. कर्ज कायले टिकवतं?"

आई सातवी शिकलेल्या. मी गप्प झाले. रात्री वही घेऊन बसले. तुम्हीही हा हिशेब एकदा करून पाहा. १० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण १०,१४३ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ८ लाख २६ हजार. तेच २० वर्षांचे केले, तर हप्ता ८,९९७ वर येतो, पण व्याज होते सुमारे ११ लाख ५९ हजार. महिन्याला साडेअकराशे वाचले म्हणून आनंद मानायचा आणि शेवटी सव्वातीन लाखांहून जास्त भरायचे!

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे अर्ज घेऊन गेलो आणि हप्ता वाढवून घेतला. दिवाळीचा बोनस त्या वर्षी सोफ्यात न घालता मुद्दलात भरला. सोफा जुनाच आहे. त्याला नवे अभ्रे शिवले, तो ‘मेंटेन’ केला म्हणा ना!

तुमच्याही घरात असे कर्ज असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला आहे, की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यायची. तेव्हा पत्र आले की विचारा, लाजू नका. आणि बदलत्या व्याजाच्या वैयक्तिक गृहकर्जात मुद्दल आधी फेडले म्हणून दंड लागत नाही. हात खरेच तंगीत असेल, तर मुदत वाढवण्यात कमीपणा नाही. फक्त तिची किंमत माहीत असू द्या.

असेच पाकिटावरचेही. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख सांगते, की तोवर चव आणि दर्जा उत्तम राहील. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ मात्र शेवटची तारीख. त्यानंतर तो पदार्थ खायचा नाही. औषधाच्या बाबतीत तर मुळीच काटकसर नको.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि फळ्यावर सगळे शब्द एकाखाली एक लिहिले. मुलींना म्हटलं, "शब्द विचारण्याआधी हे ठरवा, की ती गोष्ट टिकायला हवी की संपायला हवी." मागच्या बाकावरची ती मुलगी म्हणाली, "मग बाई, गृहपाठ?"

तो मात्र, मैत्रिणींनो, मी ‘एक्स्टेंड’ करून दिला नाही!