मान न टाकणारा बॉल हेड

बॉल हेड घ्यायला निघालेला माणूस आधी खोक्यावरचा आकडा वाचतो. आठ किलो पेलतो, दहा किलो पेलतो. आपला कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड किलो, म्हणजे प्रश्नच मिटला! सोलापुरात कॅमेरे आणि ट्रायपॉड दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि वजनाने मोडलेला बॉल हेड माझ्या टेबलावर क्वचितच आला. येतात ते मान टाकणारे. "ताई, कितीबी आवळलं तरी हे खाली बसायलंय बघा," ही तक्रार मी सतत ऐकते. हेड आणणाऱ्याच्या हाताला जोर कमी नसतो. घेतानाच त्याने चुकीचा आकडा पाहिलेला असतो.

ट्रायपॉडच्या पायांवर बसणारा हा भाग दिसायला साधा असतो. आत धातूचा गुळगुळीत बॉल, त्याला धरणारी वाटी, बॉलच्या दांड्यावर कॅमेरा अडकवायचा क्लॅम्प. नॉब ढिला केला की कॅमेरा हवा तिकडे वळतो, आवळला की वाटी बॉलला घट्ट धरते. सगळी मदार या घर्षणावर. खोक्यावरचे किलो कसे मोजायचे याचा सर्व कंपन्या पाळतील असा एकच नियम नाही. शिवाय कॅमेरा बॉलच्या बरोबर डोक्यावर सरळ उभा असेल, तर पकडीला फारसे काम पडतच नाही. काम पडते कॅमेरा कलला की. दीड किलोच्या कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य बॉलच्या मध्यापासून दहा सेंटिमीटर बाजूला गेला, तर बॉलवर साधारण दीड न्यूटन-मीटरचा पीळ येतो. लेन्स लांब झाली आणि तेच अंतर वीस सेंटिमीटर झाले, की वजन न वाढता पीळ दुप्पट.

ही पकड थोडी सुटली तर किती बिघडते? बॉल एका अंशाचा फक्त दहावा भाग खाली बसला असे धरू. चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स असेल, तर चित्र साधारण सात पिक्सेल सरकते. तेवढेच बसणे ४०० मिलिमीटरच्या लेन्सवर सुमारे ११६ पिक्सेलचे होते. म्हणून एकाच हेडबद्दल एक जण "उत्तम" म्हणतो आणि दुसरा "भंगार", आणि दोघेही खरे बोलत असतात.

आता हलकेपणा. बॉलचा व्यास वाढला की घर्षणाला लांब तरफ मिळते, म्हणून तेवढ्याच आवळण्यात मोठा बॉल जास्त धरतो. पण वजन व्यासाच्या घनाने वाढते. २८ मिलिमीटरचा भरीव ॲल्युमिनियमचा बॉल सुमारे ३१ ग्रॅमचा, ३६ चा ६६ ग्रॅमचा आणि ४४ चा थेट १२० ग्रॅमचा. त्याच्याबरोबर वाटी, बूड, नॉब सगळेच मोठे होते. म्हणून चांगल्या हलक्या हेडमध्ये बॉल आतून पोकळ करतात आणि बुडाचा नको तिथला धातू कोरून काढतात. हेड नुसताच छोटा करून वाचवलेले वजन मला पटत नाही. बॉल मोठा ठेवून बाकीचे कोरून वाचवलेले वजन पटते. बाजारात साधारण दोनशे ग्रॅमपासून पाचशे ग्रॅमपर्यंतचे हेड मिळतात. छोटी लेन्स लावून पायी फिरणाऱ्या बहुतेकांना मी मधला, ३६ मिलिमीटरच्या आसपासचा बॉल सुचवते.

सोलापूरकराला हे शे-दोनशे ग्रॅम कुठे जाणवतात, तर नान्नजला. माळढोकासाठी १९७९ साली जाहीर झालेले हे अभयारण्य म्हणजे उघडा माळ. माळढोक दिसणे आता फार दुर्मीळ झाले आहे, पण काळवीट आहेत, नशीब असेल तर लांडगा, हिवाळ्यात गवतावर तरंगणारे भोवत्या पक्षी. सावली नाही, वारा मात्र आहे. खांद्यावरचा ट्रायपॉड दुपारपर्यंत जड होतो, आणि मग माणूस पुढच्या वेळी तो घरी ठेवतो. घरी राहिलेल्या भक्कम हेडपेक्षा सोबत आलेला हलका हेड मला केव्हाही प्रिय. वाऱ्यात मात्र मधली दांडी वर काढू नये आणि बॅग ट्रायपॉडलाच लटकवावी.

गावापासून दूरच्या माळावर रात्रीचे आकाश टिपायला जाणाऱ्यांना वेगळाच हिशेब करावा लागतो. सोलापूरहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७.७ अंश वर दिसतो. उत्तरेकडे तोंड करून ताऱ्यांच्या रेषा टिपायच्या, तर कॅमेरा जवळजवळ आडवाच राहतो आणि छोटा हेडही निभावतो. उन्हाळ्यात आकाशगंगेचा मध्य दक्षिणेला सुमारे ४३ अंशांवर येतो. तेव्हा कॅमेरा चांगलाच वर कलतो, आणि उभी चौकट हवी असेल तर बॉलचा दांडा वाटीच्या खाचेत पूर्ण आडवा पाडावा लागतो. वीस-पंचवीस सेकंदांच्या त्या उघड्या शटरमध्ये हलक्या हेडची सगळ्यात कठीण परीक्षा होते, कारण पूर्ण वजन एका बाजूला लोंबकळत असते. यावर माझा ठाम सल्ला एल ब्रॅकेटचा. कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूला बसणारी ही काटकोनी पट्टी असली की उभ्या चौकटीतही कॅमेरा बॉलच्या डोक्यावरच राहतो. तिचे वजन साधारण शंभर ग्रॅम. मोठ्या हेडवर तेच वजन खर्चण्यापेक्षा मधला हेड आणि एल ब्रॅकेट ही जोडी मी पसंत करते.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते, तिथे पकडीइतकाच वेग लागतो. तीन-चार सेकंदांचे एक्स्पोजर, लगेच पुढच्या बाणासाठी चौकट थोडी वर. मुख्य नॉब सोडला की कॅमेरा धाडकन एका बाजूला पडतो, असा हेड तिथे कामाचा नाही. म्हणून घर्षणाचा वेगळा नॉब असलेलाच हेड घ्यावा. तो एकदा आपल्या लेन्सच्या वजनाला जुळवून ठेवला, की मुख्य नॉब ढिला असतानाही कॅमेरा हात सोडल्यावर जागेवर थांबतो. आर्का-स्विस कंपनीने तिच्या मोनोबॉल हेडसाठी बॉल किंचित लंबगोल घडवला, तो याचसाठी. कॅमेरा जितका कलेल तितकी पकड आपोआप वाढते. अगदी हलक्या हेडमध्ये वजन वाचवायला पहिल्यांदा हा घर्षणाचा नॉबच काढून टाकतात. मला ती काटकसर मान्य नाही. त्याच यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत मात्र ट्रायपॉड उघडूच नये. गर्दीत त्याचे पाय लोकांच्या पायात येतात.

दुकानात जाताना आपला कॅमेरा आणि आपली सर्वात लांब लेन्स घेऊन जा. हेड ट्रायपॉडवर बसवून समोरच्या दुकानाच्या पाटीवरचे एखादे अक्षर मागच्या पडद्यावर मोठे करून मधोमध आणा, नॉब आवळा आणि हात काढा. आवळताना अक्षर थोडे सरकणे चालते, हात काढल्यावर हळूहळू उतरू लागले तर तो हेड परत द्या. एक-दोन मिनिटे नुसते बघत राहा, कारण हे उतरणे घाईत दिसत नाही. मग लेन्सच्या टोकाला बोटाने हलकेच दाबून सोडा. अक्षर होते तिथे परत आले पाहिजे. कॅमेरा खाचेत आडवा पाडून हेच पुन्हा करा. दुकानदार कुरकुर करेल, पण ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो करू देतो. ऑनलाइन मागवला असेल तर परतीची मुदत संपण्याआधी घरी खिडकीतून हीच चाचणी घ्यावी.

क्लॅम्पकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्याकडे येणारी निम्मी "ढिल्या हेडची" तक्रार खरे तर कॅमेऱ्याखाली बसणाऱ्या प्लेटची असते. आर्का पद्धतीची, सुमारे ३८ मिलिमीटर रुंद प्लेट आता बहुतेकांनी स्वीकारली आहे, तीच घ्या. पण एका कंपनीची प्लेट दुसऱ्याच्या क्लॅम्पमध्ये केसभर सैल बसू शकते. स्क्रूने आवळायचा क्लॅम्प हा फरक सांभाळून घेतो, खटक्याचा प्रत्येक वेळी घेत नाही. कॅमेऱ्याखालचा स्क्रू पाव इंची असतो, तो नाण्याने किंवा ॲलन कीने नीट आवळा. हेडच्या बुडाला बहुधा तीन अष्टमांश इंची आटे असतात. ट्रायपॉडचा स्क्रू बारीक असेल तर मध्ये बुश लागते, आणि ते वाकडे बसवून आटे घासलेले हेड मी बरेच पाहिले आहेत.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी टिपायला सहाशे मिलिमीटरची झूम घेऊन जाणाऱ्याने हलका बॉल हेड घेऊच नये. त्या लेन्सला झुल्यासारखा तोलणारा गिंबल हेड लागतो, नाहीतर मोनोपॉडवर भागवावे.

माळावरून आलेला हेड उघडला की वाटीच्या कडेला धुळीचा बारीक लेप सापडतो. बॉल सगळीकडे फिरवून कोरड्या सुती कापडाने पुसा, ब्लोअरने कडा झटका. बॉलवर तेल कधीही टाकू नका. ज्या घर्षणासाठी पैसे मोजले तेच त्याने जाते. काही हेडमध्ये आत ग्रीस असते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते पातळ होऊन बॉलवर येते, म्हणून हेड तिथे ठेवू नये. जुना हेड विकत घेत असाल तर बॉल हळूहळू प्रत्येक दिशेने फिरवून बघा. एकाच जागी खरखर लागली तर तिथे चरा आहे, आणि चरा पडलेला बॉल दुरुस्त होत नाही. बुडाशी धरून हेड हलवा. तिथे खटखट वाजली तर किंमत कितीही कमी असली तरी सोडून द्या, कारण त्या जागेचे सुटे भाग मला शोधूनही मिळत नाहीत.